घरचे इंटरनेट आणि राउटरची सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट बंद पडले किंवा मंदावले, तर सेटिंगला हात लावण्याआधी काय पाहावे?

आधी दिवे पाहावेत. घरापर्यंत फायबर आलेले असेल, तर ती पातळ वायर ज्या डब्यात शिरते त्याला कंपनीची माणसे ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात आणि घरातले सगळे ‘मोडेम’ म्हणतात. त्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा आणि एलओएसचा विझलेला असेल, तर बाहेरून येणारी लाइन शाबूत आहे. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर घरापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही आणि राउटरमधली कोणतीही सेटिंग बदलून तो पोहोचणार नाही. अशा वेळी वायर सोफ्यामागे किंवा कपाटाखाली दुमडली आहे का, एवढेच पाहावे आणि तक्रार नोंदवावी. वायरचे टोक काढून त्यात डोकावू नये, कारण त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी अपाय करू शकतो.

दिवे ठीक असतील तर दुसरी परीक्षा केबलची. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि त्यावर इंटरनेट चालवून पाहावे. केबलवर सुरळीत आणि वाय-फायवर रखडत असेल तर दोष वाय-फायचा, दोन्हीकडे रखडत असेल तर जोडणीचा किंवा राउटरचा, आणि घरातला एकच फोन अडत असेल तर बहुधा त्या फोनचा. पाच मिनिटांचे हे काम टाळून लोक दोन तास सेटिंगच्या पानांवर फिरत राहतात, असा माझा अनुभव आहे.

राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने खरोखरच फरक पडतो का?

पडतो. राउटर महिनोन्महिने चालू राहिला की त्याच्या स्मृतीत जुन्या जोडण्यांच्या नोंदी साचतात, स्वस्त राउटरची स्मृती आधीच तोकडी असते आणि कधीकधी कंपनीच्या सर्व्हरशी झालेले लॉगिन अर्धवट अवस्थेत अडकून पडते. प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, आधी ओएनटी चालू करावा, त्याचा पॉनचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर चालू करावा. लॉगिन कंपनीच्या बाजूने अडकले असेल तर जुने सत्र मोडीत निघायला काही मिनिटे लागतात. म्हणून लगेच जमले नाही तर दहा मिनिटे बंद ठेवून पाहणे योग्य.

मात्र रीस्टार्ट आणि रीसेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राउटरच्या मागे बारीक छिद्रात दडलेले बटण टाचणीने दहा सेकंद दाबले की कारखान्यातली मूळ अवस्था परत येते, आणि त्याबरोबर कंपनीने भरलेले लॉगिनचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) क्रमांकही पुसला जातो. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मंद इंटरनेट वेगवान करण्यासाठी हा उपाय केला आणि सलग सुट्ट्या आल्यामुळे माणूस येईपर्यंत चार दिवस ते पूर्ण बंद इंटरनेटवर राहिले. ही माहिती लिहून ठेवलेली नसेल तर त्या छिद्राच्या वाटेला जाऊ नये.

सेटिंगचे पान कसे उघडायचे?

फोन किंवा लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा आयपी पत्ता टाकावा. बहुतेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो इंग्रजी अंकांत टाकायचा असतो. नेमका पत्ता फोनच्या वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ या नावासमोर दिसतो. पान उघडत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून पाहावे, कारण वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच पुष्कळ फोन आपोआप मोबाइल डेटाकडे वळतात आणि राउटर शोधत भलतीकडे जातात. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येऊ शकतो; घरातल्या घरातल्या पत्त्यासाठी तो मनावर घेण्याचे कारण नाही.

लॉगिनचे नाव आणि पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतात. आत शिरल्यावर पहिले काम म्हणजे ‘वॅन’ (कंपनीकडून येणारी जोडणी) आणि ‘वायरलेस’ (वाय-फाय) या दोन्ही पानांचे फोनने फोटो काढणे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहून पुढे जावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले हेही कळत नाही आणि कशाने बिघडले हेही.

वाय-फाय जोडलेले दिसते, पण ‘इंटरनेट नाही’ असे येते. हे काय?

फोन आणि राउटर यांचे जुळले आहे, राउटर आणि कंपनी यांचे जुळलेले नाही, असा त्याचा अर्थ. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅनचा आयपी पत्ता पाहावा. तिथे नुसती शून्ये असतील तर राउटरला पत्ता मिळालेलाच नाही. जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे नाव आणि पासवर्ड टाकून सुरू होणारी असेल, आणि महाराष्ट्रात केबलवाल्यांच्या पुष्कळ जोडण्या तशाच असतात, तर लॉगिनचे नाव व पासवर्ड अक्षरशः तपासावेत. मोठी-छोटी अक्षरे आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा लॉगिन अडवते. प्लॅनची मुदत संपली आहे का, हेही आधीच पाहिलेले बरे. पुष्कळदा उत्तर तेवढेच निघते.

नवा राउटर आणल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर वेगळी शक्यता आहे. काही ठिकाणी ग्राहकाची जोडणी त्याच्या जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाला, बांधलेली असते आणि नवे यंत्र ओळखले जात नाही. केबलवाल्याला फोन करून नवा मॅक पत्ता नोंदवून घ्यावा किंवा राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’ या सोयीने जुना पत्ता नव्या राउटरला द्यावा.

वॅनचा पत्ता आहे, तरीही साइट उघडत नसतील, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) अडलेला असू शकतो. तोही फक्त एका अँड्रॉइड फोनवर अडत असेल तर त्या फोनमधली ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग पाहावी. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ती आली आहे. जाहिराती थांबवण्यासाठी कोणीतरी सुचवलेले नाव तिथे भरलेले असते, तो सर्व्हर बंद पडला की फोन इंटरनेट नाही म्हणतो आणि दोष राउटरच्या माथी येतो.

डीएनएस बदलल्याने स्पीड वाढतो का?

नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी वही. पत्ता लवकर सापडला म्हणून रस्ता रुंद होत नाही. कंपनीचा डीएनएस सर्व्हर सुस्त असेल तर पान उघडण्याआधीची अडखळ मात्र कमी होते, आणि तो सर्व्हर वरचेवर बंद पडत असेल तर बदल अवश्य करावा. गूगलचा ८.८.८.८ हा सर्व्हर २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून सर्वांसाठी खुला आहे. प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन्ही जागा भराव्यात.

हॉलमध्ये १०० एमबीपीएस मिळतात आणि आतल्या खोलीत १० सुद्धा मिळत नाहीत. कोणती सेटिंग बदलू?

आधी जागा बदलावी. वायर जिथून घरात येते तिथेच, म्हणजे मुख्य दाराच्या वर किंवा टीव्हीमागच्या शोकेसमध्ये, राउटर ठेवून कारागीर निघून जातो, कारण त्याला पाच मीटर जास्त वायर ओढायची नसते. राउटर घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. सिमेंटचे खांब, आरशाचे कपाट, फ्रिज आणि पाण्याची टाकी हे वाय-फायचे मोठे शत्रू आहेत. जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या भिंती आणि कोकण-गोव्यातले जांभ्या दगडाचे बांधकाम यांपुढे तर उत्तम राउटरही हात टेकतो. अशाच एका जांभ्याच्या घरात मी फोन हातात धरून चालत गेलो होतो: ओटीवर पाच गिगाहर्ट्झवर (वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी वेगवान) १८० एमबीपीएस, माजघराच्या उंबऱ्यावर ६०, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकताच जोडणीच तुटली. मध्ये दोनच भिंती होत्या.

हे पाच गिगाहर्ट्झचे वैशिष्ट्य आहे. वेग भरपूर, पण भिंत ओलांडण्याची ताकद कमी. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आत जाते, पण वेगाने कमी असते आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. राउटरजवळच्या टीव्हीला आणि लॅपटॉपला पाच, लांबच्या खोलीला २.४, अशी वाटणी व्यवहार्य ठरते.

‘ट्रान्समिट पॉवर’ वाढवून फारसे हाती लागत नाही. राउटरने आवाज चढवला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. बाजारातला रिपीटर हा स्वस्त उपाय खरा, पण साधा रिपीटर ऐकणे आणि पुढे सांगणे एकाच लहरीवर करतो आणि वेग निम्म्यावर आणतो. आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, बसवणे हा माझ्या मते सर्वांत टिकाऊ इलाज आहे, आणि जांभ्याच्या त्या घरात शेवटी तोच केला.

दोन्ही बँडना (२.४ आणि पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांना) एकच नाव द्यावे की वेगवेगळी?

एकच नाव दिले की कोणता बँड घ्यायचा हे फोन आणि राउटर आपापसांत ठरवतात, आणि चांगल्या राउटरवर ते बरे जमते. जमत नसेल तर नावे वेगळी करावीत. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग आणि अनेक स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. ते जोडले जात नसतील तर निदान जोडणी होईपर्यंत तरी वेगळे नाव उपयोगी पडते. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-३ ठेवली असेल तरी अशी जुनी यंत्रे अडतात. तिथे डब्ल्यूपीए-२ ठेवावे.

चॅनल कोणते निवडावे?

चॅनल म्हणजे पट्ट्यातला लहान कप्पा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, यांपैकी एक. या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनले दिसतात खरी, पण ती एकमेकांपासून केवळ पाच मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि वाय-फायला एका वेळी किमान वीस मेगाहर्ट्झ लागतात. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी तीनच उरतात. कोणी शहाणपणाने ३ निवडले तर १ वाल्यांनाही त्रास आणि ६ वाल्यांनाही, शिवाय स्वतःला दोन्हीकडून. एकाच चॅनलवरचे राउटर निदान आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेले चॅनल म्हणजे नुसता गोंगाट.

फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचे अॅप उतरवून आपल्या खोलीत उभे राहून पाहावे. मुंबई-ठाण्याच्या सोसायटीत वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. त्यांत ज्या चॅनलवर दमदार शेजारी कमी आहेत ते घ्यावे आणि रुंदी वीस मेगाहर्ट्झच ठेवावी. चाळीस केली की कागदावर वेग दुप्पट होतो आणि प्रत्यक्षात गर्दीत अडकतो.

पाच गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे. तिथे ऐंशी मेगाहर्ट्झ रुंदी चालते. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ ही चॅनले निर्धोक. मधली, म्हणजे ५२ पासून १४४ पर्यंतची, रडारबरोबर वाटून घ्यायची असल्यामुळे बहुतेक राउटर ती वापरण्यापूर्वी मिनिटभर कानोसा घेतात आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडून देतात. वाय-फाय मधूनच गायब होऊन थोड्या वेळाने परतत असेल तर हे एक कारण असू शकते.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण ९४ च्या पुढे काटा सरकत नाही. कंपनी फसवते आहे का?

आकडा ९४ च्या आसपास खिळलेला असेल तर कंपनीवर संशय घेण्याआधी केबल पाहावी. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून (केबल लावायच्या खाचेतून) प्रत्यक्ष माहितीचा वेग साधारण तेवढाच निघतो. म्हणजे राउटर, ओएनटी, केबल आणि लॅपटॉप यांपैकी कोणीतरी एक जण १०० वर अडला आहे. स्वस्त राउटरांना अजूनही १०० चेच पोर्ट असतात. पोर्ट गिगाबिटचे असेल तर केबल: आत तारांच्या चार जोड्या असतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. माझ्या घरी महिनाभर हा प्रकार चालला होता. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर १००० ऐवजी १०० दिसत होते. केबल उलटसुलट पाहिल्यावर माळ्याजवळ उंदराने कुरतडलेले बोटभर आवरण सापडले आणि त्यात तपकिरी तार तुटलेली होती. बाकीच्या तारा काम करत राहिल्या, म्हणून इंटरनेट बंद पडले नाही, फक्त तिसऱ्या हिश्श्यावर आले. केबल बदलली आणि काम झाले.

दुसरा गैरसमज एककांचा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे ३०० चा प्लॅन तिथे जास्तीत जास्त ३७.५ दिसेल.

रात्री आठनंतरच का मंदावते?

फायबरच्या नेहमीच्या जीपॉन व्यवस्थेत एका लाइनवरचे सुमारे २.५ गिगाबिट साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्याच्या पुढचा केबलवाल्याचा सामायिक साठाही मर्यादित असतो. सगळे एकाच वेळी टीव्हीसमोर बसले की वाटा कमी येतो. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा केबलवर मोजणी करावी. केबलवरही रात्री पडत असेल तर ती कंपनीची बाब आहे. केबलवर ठीक आणि वाय-फायवर पडत असेल तर शेजाऱ्यांची गर्दी, चॅनल बदलावे.

घरात कोणी काही अपलोड करू लागले की माझी मिटिंग अडखळते. उपाय आहे का?

आहे, आणि सेटिंगने खरोखर सुटणाऱ्या मोजक्या तक्रारींपैकी ही एक आहे. फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की अपलोडची वाट भरते, राउटर बाकीची पॅकेटे (माहितीचे तुकडे) रांगेत थांबवतो आणि ती रांग इतकी लांबते की बोललेला शब्द पलीकडे अर्ध्या सेकंदाने पोहोचतो. स्पीड टेस्टमध्ये आकडा छान येतो, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. एका खिडकीत पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल चढवावी; दहा मिलिसेकंदांचे तीनशे झाले तर निदान पक्के.

राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ (ही रांग सांभाळणारी सोय) असेल तर ते सुरू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. थोडा वेग सोडला की रांग राउटरच्या ताब्यात राहते. जुन्या राउटरचा प्रोसेसर हे ओझे पेलत नाही आणि एकूण वेगच घसरतो. तसे झाले तर फोटो चढवण्याची वेळ रात्रीची ठेवणे हाच मार्ग.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर थांबतात.

पीपीपीओई जोडणीत प्रत्येक पॅकेटवर आठ बाइटचे अधिक वेष्टन चढते, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. वॅनच्या पानावर ‘एमटीयू’ (पॅकेटचा कमाल आकार) १५०० असेल तर ते १४९२ करावे.

केबलवाल्याच्या डब्यापुढे मी स्वतःचा राउटर लावला आणि गोंधळ सुरू झाला.

दोन्ही यंत्रे राउटरचे काम करत असतील तर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो आणि मग जोडणी मध्येच लटकते. कंपनीकडून ओएनटी ‘ब्रिज मोड’वर (नुसता पूल, राउटरचे काम बंद) टाकून घ्यावा, म्हणजे लॉगिन आपला राउटर करील, नाही तर आपला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर ठेवावा. आणि येणारी वायर वॅनच्या पोर्टात आहे, लॅनच्या नव्हे, याची खात्री करावी. लॅनमध्ये लावली की घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि कोणाला कोणता पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही.

गावच्या घराचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट राउटरमध्ये उघडणे) तर केले आहे.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होत असेल, तर तो पत्ता फक्त तुमचा नाही. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने अनेक ग्राहक बसवले आहेत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपत आल्यामुळे आशियात २०११ पासूनच त्यांचे रेशनिंग सुरू झाले. इथे राउटरमधले पोर्ट उघडून काही होत नाही. कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (आपला स्वतंत्र, न बदलणारा पत्ता) घ्यावा किंवा कॅमेऱ्याच्या क्लाउड अॅपवर भागवावे.

कोणी माझे वाय-फाय वापरते आहे का, हे कसे कळेल?

राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत अनोळखी नाव दिसेल. मात्र हल्लीचे फोन दर वाय-फायसाठी वेगळा मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे घरचाच फोन परका वाटू शकतो. याच कारणाने मॅक फिल्टर लावण्यात आता अर्थ उरलेला नाही. वाय-फायचे नाव लपवण्यातही नाही. पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे, ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून सेटिंग उघडण्याची सोय) बंद करावे आणि सेटिंगच्या पानाचा ‘अॅडमिन’ हा पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलावा. नाही तर आत शिरलेला माणूस डीएनएस बदलून तुम्हाला बँकेच्या बनावट पानावर नेऊ शकतो.

फर्मवेअर (राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावे का?

करावे, पण वीज भरवशाची असताना. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर हा धोका टळतो आणि भारनियमनातही इंटरनेट चालते, अर्थात इमारतीतल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप असेल तर.

एवढे करूनही सुटले नाही, तर तक्रारीत काय सांगावे?

‘इंटरनेट स्लो आहे’ असे सांगितले की उत्तर ‘राउटर रीस्टार्ट करा’ असेच येते. त्याऐवजी केबलवर, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती वेग मिळाला ते सांगावे. ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तो आकडाही द्यावा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक समजावे. उणे २७ च्या आसपास सामान्य ओएनटीची ऐकण्याची मर्यादा येते आणि पावसात लाइन ये-जा करू लागते. हा आकडा ऐकल्यावर समोरचा माणूस सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही, वायरमन कधी पाठवू एवढेच विचारतो.